फ्रायडेचे खरे नाव

वारांची नावे आपण दिवसातून दहादा उच्चारतो, पण त्यांचा अर्थ मनात आणीत नाही. सोमवार म्हणताना कोणाला चंद्र आठवत नाही; शनिवारी तेल विकत आणू नये असे बजावणाऱ्या आजीला तेवढा शनी आठवतो. इंग्रजांचेही असेच आहे. मंडे, ट्यूजडे म्हणताना आपण जुन्यापुराण्या देवतांची नावे घेत आहोत, हे त्यांच्याही गावी नसते. परंतु त्यांच्या सात वारांपैकी एक वार माणसाचे रूप घेऊन वाङ्मयात शिरला, आणि तीनशे वर्षे उलटली तरी तो तेथून बाहेर पडलेला नाही. तो वार म्हणजे फ्रायडे. डॅनियल डीफो या इंग्रज लेखकाची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. निर्जन बेटावर एकटा अडकलेला क्रूसो आणि पुढे त्याला लाभलेला सोबती फ्रायडे यांची गोष्ट, संक्षिप्त रूपात का होईना, लहानपणी वाचली किंवा ऐकली नाही असा वाचक विरळाच.

या कादंबरीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिला इंग्रजी कादंबरीची जननी म्हटले, कोणी उद्योगी माणसाची पोथी म्हटले, तर कोणी साम्राज्यवादाची बाराखडी म्हटले. मला येथे एवढा मोठा पसारा मांडावयाचा नाही. तिच्यातील ‘फ्रायडे’ या एका शब्दाचीच चौकशी करावी, एवढाच माझा बेत आहे. एका शब्दावरून अख्ख्या पुस्तकाची परीक्षा करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे होय, हे मला कबूल आहे. पण शीत नीट निवडले तर ती परीक्षा सहसा खोटी ठरत नाही, हे घरोघरच्या सुगृहिणींना मी सांगायला नको.

प्रथम शब्दाच्या कुळाकडे वळू. आपला शुक्रवार आणि इंग्रजांचा फ्रायडे एकाच दिवशी येतात हा काही योगायोग नव्हे. दोहोंच्या मुळाशी ग्रहांचे एकच गणित आहे. प्राचीन ज्योतिष्यांनी आकाशात फिरताना दिसणाऱ्या सात ज्योतींचा, मंद गतीकडून शीघ्र गतीकडे, असा क्रम लावला: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. अहोरात्राच्या चोवीस होरा त्यांनी याच क्रमाने या सातांना पुनःपुन्हा वाटून दिल्या, आणि ज्याची पहिली होरा त्याचे नाव त्या दिवसाला दिले. चोवीसाला साताने भागले की बाकी तीन उरते. म्हणून दररोज पहिल्या होरेचा मान तीन घरे पुढे सरकतो. शनीपासून तीन घरे पुढे रवी, रवीपासून तीन घरे पुढे चंद्र, चंद्रापासून तीन घरे पुढे मंगळ. फराळ करता करता मुलांनी बोटांवर मोजून पाहावे; सातही वार आपल्या ओळखीच्या क्रमाने हजर होतील. ही पद्धत रोमन साम्राज्यात रुळली आणि आपल्याकडेही आली. ‘होरा’ हा शब्दच मुळी ग्रीकांकडून आलेला आहे. मध्य प्रदेशात एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळातील जो स्तंभलेख आहे, त्यात गुप्त संवत १६५, म्हणजे इ. स. ४८४, मधील आषाढ शुद्ध द्वादशीला गुरुवार असल्याचे कोरले आहे. आपल्या देशातील वाराच्या अगदी जुन्या उल्लेखांत त्याची गणना होते.

ग्रह एक, पण त्याच्यावर बसविलेली देवता मात्र देशोदेशी निराळी. रोमन लोकांनी शुक्र हा व्हीनस या प्रेमदेवतेचा ग्रह मानला. म्हणून फ्रेंच माणूस शुक्रवारला ‘वाँद्रदी’ म्हणतो आणि इटालियन माणूस ‘व्हेनेर्दी’. उत्तर युरोपातील जर्मानिक टोळ्यांनी रोमनांकडून सात वार घेतले, पण त्यांपैकी काहींवर घरचे शिक्के मारले. मंगळाच्या जागी त्यांनी आपला टिव बसविला, बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी थोर, आणि व्हीनसच्या जागी वोडनची पत्नी फ्रिग. फ्रिगचा दिवस तो फ्रायडे. आपल्याकडे पाहावे तर शुक्र चक्क पुरुष आहे. तो असुरांचा गुरू, देवयानीचा पिता, आणि मेलेल्याला उठविणारी संजीवनी विद्या जाणणारा एकमेव आचार्य. पहाटे किंवा सांजवेळी क्षितिजावर चमकणारी चांदणी तीच. परंतु रोममध्ये ती प्रेयसी झाली, उत्तरेत पत्नी झाली आणि आपल्याकडे गुरू झाली.

ही फ्रिग कोण? काही लोकप्रिय पुस्तकांतून फ्रायडे हा फ्रेया या देवीचा वार असल्याचे सांगितलेले असते. दोघींची नावे ऐकावयास जवळची असल्यामुळे हा घोटाळा होतो. पण जुन्या इंग्रजीत या वाराला ‘फ्रिगेदॅग’ म्हणत, आणि त्यातली देवी फ्रिगच आहे. आइसलंडचा पंडित स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात उत्तरेकडच्या देवकथा लिहून ठेवल्या. त्यांत या फ्रिगची एक कथा आहे. तिचा मुलगा बाल्डर याला मृत्यूची स्वप्ने पडू लागली. तेव्हा ही आई जगातल्या एकूण एक वस्तूकडे गेली. अग्नी, पाणी, लोखंड, दगड, झाडे, रोग, पशू, पक्षी, विष, साप, सगळ्यांकडून तिने शपथ घेतली की माझ्या मुलाला इजा करणार नाही. एक कोवळे बांडगूळ तेवढे तिने, हे काय करणार म्हणून, सोडून दिले. दुष्ट लोकीने नेमके तेच हुडकले, आंधळ्या होडरच्या हातून ते फेकविले, आणि बाल्डर मेला.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपल्या श्रावणातला जिवतीचा शुक्रवार आठवला. पुरणाचे दिवे करून आया मुलांना ओवाळतात, आणि जे मूल परगावी असेल त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकतात. दिशांनो, माझ्या लेकराला सांभाळा, एवढेच त्यांचे मागणे असते. या दोन गोष्टींत नाते आहे असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण आईची धडपड साऱ्या जगात एकाच वळणाची असते, एवढे त्यावरून दिसते.

नाते आहे ते दुसरीकडे, आणि ते पक्के आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळच्या असाव्यात असा विचार मांडला. पुढे १८२२ साली जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनी या भाषांतील वर्ण कसे बदलत गेले याचा नियम सविस्तर मांडला. त्या नियमाप्रमाणे संस्कृतात जेथे ‘प’ आहे, तेथे इंग्रजीच्या कुळात ‘फ’ येतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह ही जोडपी शाळेतल्या मुलांनाही सहज समजतात. याच चालीने ‘फ्रिग’ हे नाव मागे नेले तर कोणता शब्द सापडतो? ‘प्रिया’. फ्रिग म्हणजे प्रिया, लाडकी पत्नी. फ्रायडे म्हणजे प्रियेचा दिवस. एवढ्यावर हे कुटुंब संपत नाही. इंग्रजीतला ‘फ्रेंड’ हा शब्द याच मुळापासून निघाला. त्याचा मूळ अर्थ ‘प्रेम करणारा’. आणि ‘फ्री’, म्हणजे स्वतंत्र, हाही याच घराण्यातला. जुन्या काळी घरात दोन प्रकारची माणसे असत, एक जिव्हाळ्याची आणि दुसरी गुलाम. जी जिव्हाळ्याची ती ‘फ्री’. प्रियचा अर्थ असा सरकत सरकत स्वतंत्र झाला.

वाचकांनी ही तीन भावंडे क्षणभर ध्यानात ठेवावीत: प्रिया, मित्र आणि स्वतंत्र. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

ख्रिस्ती धर्म आल्यावर ही परधर्मी नावे पुसून टाकण्याचे प्रयत्न झाले. आइसलंडमध्ये बाराव्या शतकाच्या आरंभी बिशप योन ओग्मुंडार्सन यांनी देवतांची नावे वारांतून काढून टाकविली अशी तेथील परंपरा सांगते. तेथे शुक्रवारला आजही उपासाचा दिवस या अर्थाचे नाव आहे. पोर्तुगीजांनी वारांना अनुक्रमांक दिले. त्यांचा शुक्रवार म्हणजे ‘सेश्ता-फेइरा’, सहावा. इंग्लंडातही क्वेकर पंथाच्या लोकांनी पहिला दिवस, दुसरा दिवस असे म्हणण्याचा नेम धरला. परंतु सर्वसाधारण इंग्रज माणसाने जुनी नावे सोडली नाहीत. त्यांतल्या देवता विसरल्या गेल्या, म्हणूनच कदाचित ती नावे टिकली. डीफोने लेखणी उचलली तेव्हा फ्रायडे हा शब्द असा गुळगुळीत झाला होता. त्यात ना देवी उरली होती, ना प्रिया. उरले होते ते पंचांगातले एक घर.

आता त्या बेटावर जाऊ. क्रूसोचे गलबत फुटले ते १६५९ सालच्या ३० सप्टेंबरला. किनाऱ्याला लागताच त्याने जी कामे केली त्यांपैकी एक म्हणजे लाकडी खांबावर दिवसांच्या खाचा करणे. रोज एक खाच, सातव्या दिवशी दुप्पट लांब, महिन्याच्या पहिल्या दिवशी त्याहूनही लांब. माणूस नाही, पण वार आहेत, अशी ही स्थिती जवळजवळ पंचवीस वर्षे चालली. मग एके दिवशी शत्रूंच्या तावडीतून पळालेला एक तरुण त्याच्या आश्रयाला आला. क्रूसोने त्याला वाचविले. त्या तरुणाने जमिनीला डोके टेकवून क्रूसोचे पाऊल आपल्या डोक्यावर ठेवले. याचा अर्थ हा जन्माचा गुलाम होण्याची शपथ घेत आहे, असा क्रूसोने लावला. अर्थ लावणारा तोच. दुसऱ्याची भाषा त्याला येत नव्हती.

पुढचा प्रसंग साऱ्या कादंबरीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकवणीला प्रारंभ होतो. क्रूसो त्याला खुणांनी समजावतो की तुझे नाव फ्रायडे, कारण त्या वारी तुझा जीव वाचला. मग त्याला ‘मास्टर’ म्हणजे ‘धनी’ हा शब्द शिकवतो, आणि हेच माझे नाव असे सांगतो. त्यानंतर होय आणि नाही. क्रूसो स्वतःचे खरे नाव सांगत नाही, आणि समोरच्याला त्याचे नाव विचारीतही नाही. वास्तविक दोन अनोळखी माणसांची पहिली देवघेव नावाची असते. छातीवर हात ठेवून आपले नाव सांगायचे, मग बोट समोर करून त्याचे विचारायचे, याला कोणती भाषा लागते? चार वर्षांचे पोरही अंगणात आलेल्या नव्या सवंगड्याशी असेच करते.

आपण ज्याला नाव देत आहोत त्याला आधीच एक नाव असेल, हे क्रूसोच्या मनातच येत नाही. आपल्या पोपटाला पोल हे नाव त्याने ज्या सहजतेने दिले, त्याच सहजतेने माणसालाही दिले. आणि यात नवल तरी काय? हा गृहस्थ त्या बेटावर आला तो गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणावयास निघाला असताना. त्यापूर्वी आपल्याबरोबर जिवावर उदार होऊन पळालेल्या झूरी या पोराला त्याने एका पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकून टाकले होते.

आणखी एक गंमत पाहा. क्रूसोला बेटावर एकदा सडकून ताप आला होता. त्या ग्लानीत तो किती वेळ झोपला हे त्याला कळले नाही, आणि पुढे हिशेब करता आपल्या गणनेत एखाददुसरा दिवस हरवल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे ज्या दिवशी तो तरुण वाचला तो दिवस शुक्रवार होता याचीही खात्री नाही. ज्या नावाने हा माणूस जगभर ओळखला जातो, ते नाव दुसऱ्याने दिलेले तर आहेच, पण पंचांगाच्या दृष्टीनेही ते बहुधा चुकीचे आहे.

डीफोवर अन्याय होऊ नये म्हणून काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. अशी नावे देण्याची रीत त्या काळच्या खलाशांत होती. ज्या हुआन फर्नांडिस बेटावर अलेक्झांडर सेलकर्क १७०४ ते १७०९ एकटा राहिला, त्याच बेटावर त्याच्या आधी, १६८१ ते १६८४ या काळात, मिस्किटो जमातीचा एक माणूस एकटा राहिला होता. इंग्रज खलाशी त्याला विल म्हणत. विल्यम डॅम्पियर या दर्यावर्द्याने १६९७ सालच्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची हकिकत दिली आहे, आणि या लोकांना आपसात नावेच नसतात, आम्ही नाव दिले तर त्यांना तो मोठा मान वाटतो, असेही वर सांगितले आहे. डीफोच्या भोवती अशी हवा होती. तिच्यात वाढलेल्या लेखकाकडून आजची दृष्टी मागणे रास्त नाही.

पण मग त्याच डीफोने कादंबरीच्या पहिल्याच पानावर काय केले आहे? तेथे क्रूसो आपल्या आडनावाची कुळकथा सांगतो. वडील जर्मनीतल्या ब्रेमेनचे, मूळ आडनाव क्रॉइट्स्नेअर, इंग्रजांच्या तोंडी ते बिघडले आणि त्याचे क्रूसो झाले. स्वतः लेखकाचे घराण्यातले आडनाव नुसते फो. त्यामागे ‘डी’ त्याने वयात आल्यावर हौसेने जोडला. नाव म्हणजे काय, ते बिघडले म्हणजे काय होते, आणि ते सुधारून घेतले म्हणजे समाजात काय पदरात पडते, हे ज्याला इतके चांगले ठाऊक होते, त्याच्या हातून ही गोष्ट नकळत राहिली असे म्हणणे कठीण आहे. क्रूसोला आपले नाव जुने आणि खरे हवे. फ्रायडेला मात्र कालपरवाचे चालेल. हा भेद पुस्तकात आहे, आणि तो वाचकाने पाहावा इतक्या उघडपणे आहे.

डीफोमधला कादंबरीकार त्याच्या क्रूसोपेक्षा मोठा आहे असे मी म्हणतो ते याचसाठी. क्रूसो फ्रायडेला धर्म शिकवू लागतो तेव्हा फ्रायडे विचारतो की देव सैतानाहून बलवान आहे, तर तो सैतानाला मारूनच का टाकीत नाही? गुरुजी निरुत्तर होतात आणि ऐकू न आल्याचे सोंग करतात. वर्गात रोज उभा राहणारा शिक्षक म्हणून सांगतो, हे सोंग लिहिणाऱ्या लेखकाला माणसाची पारख होती. ज्याला मालक कच्चे पोर समजतो तो मालकाच्या पुढे एक पाऊल आहे, हे डीफोने पाहिले आणि लपविले नाही.

याहूनही हृदयस्पर्शी प्रसंग पुढे येतो. शत्रूंच्या होडीत हातपाय बांधून टाकलेला एक म्हातारा सापडतो. तो फ्रायडेचा बाप निघतो. तेव्हा फ्रायडे त्याला मिठी मारतो, रडतो, हसतो, नाचतो, त्याचे बधिर झालेले हातपाय चोळतो. सबंध कादंबरीत एवढे निर्भेळ प्रेम दुसरे कोठे नाही. आता विचार करा. हरवलेला मुलगा समोर दिसल्यावर बाप त्याला काय म्हणून हाक मारील? फ्रायडे म्हणून? जन्मल्यावर ठेवलेले, लहानपणी दारातून ओरडून घेतलेले ते नाव त्या किनाऱ्यावर उच्चारले गेले असलेच पाहिजे. क्रूसो तेथेच होता. त्याने सारे पाहिले, बापाला भाकर आणि पाणी मिळण्याची काळजीही घेतली. नाव मात्र त्याच्या कानात शिरले नाही, किंवा शिरले तरी लिहून ठेवावे असे त्याला वाटले नाही. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात फ्रायडे समुद्रावर बाणांनी मरतो. क्रूसो शोक करतो, तोफांची सलामी देऊन त्याला जलसमाधी देतो. तो निरोपही वाराच्या नावाने.

आता ती तीन भावंडे पुन्हा पुढे घेऊ. प्रिया, मित्र, स्वतंत्र. इंग्रजी भाषेत प्रेमाचा जो मूळ धातू, त्यातून निघालेला शब्द क्रूसोने या तरुणाला दिला, आणि त्याला मित्र केले नाही व स्वतंत्रही केले नाही. जोन्स आणि ग्रिम डीफोच्या फार नंतरचे. त्यामुळे हा श्लेष त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण भाषा पुष्कळदा बोलणाऱ्यापेक्षा जास्त बोलून जाते. पुढे इंग्रजीत ‘मॅन फ्रायडे’ हा वाक्प्रचार होऊन बसला. त्याचा अर्थ सांगाल ते काम करणारा विश्वासू मदतनीस. प्रियेचा दिवस शेवटी नोकराचा हुद्दा झाला.

पुढच्या लेखकांना हे सलत राहिले, आणि त्यांनी आपापल्या परीने फ्रायडेचे ऋण फेडण्याचा यत्न केला. फ्रेंच लेखक मिशेल तूर्निए यांनी १९६७ साली हीच गोष्ट उलटी लिहिली आणि शीर्षकात रॉबिन्सनऐवजी वाँद्रदीला बसविले. त्यांच्या कादंबरीत शिकविणारा फ्रायडे आहे आणि शिकणारा रॉबिन्सन. आपल्याकडच्या वाचकाला येथे शुक्राचार्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शेवटी जहाज येते तेव्हा फ्रायडे निघून जातो आणि रॉबिन्सन बेटावर राहतो, जहाजावरून पळालेल्या एका पोरासह. आणि काय करतो? त्या पोराला गुरुवार हे नाव ठेवतो! तूर्निए यांनी मुलांसाठी १९७१ साली केलेल्या आवृत्तीत ते नाव रविवार झाले आहे. रॉबिन्सन इतका बदलला, पण नाव ठेवण्याची खोड सुटली नाही. कॅरिबियन कवी डेरेक वॉलकॉट यांच्या १९७८ सालच्या ‘पँटोमाइम’ नाटकात टोबॅगोमधील एक इंग्रज हॉटेलमालक आणि त्याचा कृष्णवर्णीय नोकर क्रूसो-फ्रायडेचे सोंग रंगवू पाहतात, आणि नोकर क्रूसो होतो म्हणताच मालकाची पाचावर धारण बसते. दक्षिण आफ्रिकेच्या जे. एम. कुट्सी यांनी १९८६ साली ‘फो’ ही कादंबरी लिहिली. शीर्षकात डीफोचे मूळ आडनाव आहे. त्यातला फ्रायडे बोलतच नाही, कारण त्याची जीभ कापलेली आहे; ती कोणी कापली हे कोणालाच निश्चित कळत नाही. तिघांत मला कुट्सी जास्त प्रामाणिक वाटतात. तूर्निए आणि वॉलकॉट फ्रायडेला बोलके करतात. कुट्सी सांगतात की जे नाव आपण विचारलेच नाही, ते आता कल्पनेने भरून काढता येत नाही.

कोणी म्हणेल, वाराचे नाव माणसाला देण्यात एवढे वाईट ते काय? वाईट काहीच नाही. आफ्रिकेतील घाना देशात अकान लोक मुलाला त्याच्या जन्मवारावरून नाव देतात. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९९७ ते २००६ या काळातील सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा, आणि तो दिवस शुक्रवारच होता. आपल्याकडेही, विशेषतः आदिवासी पाड्यांवर, सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या अशी नावे आहेतच. कोफी आणि शुक्र्या यांचा अर्थ फ्रायडेहून निराळा नाही. फरक आहे तो नाव ठेवणाऱ्यात. एक नाव पाळण्याशी बसलेल्या माणसांनी, मुलाच्या जन्माचा दिवस आठवून ठेवलेले असते. दुसरे, धन्याने आपल्या उपकाराचा दिवस आठवून ठेवलेले. फ्रायडे या नावात त्या तरुणाचे काहीच नाही. त्यात आहे ती क्रूसोच्या दयेची तारीख.

तर मग हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही? अवश्य द्यावे. ओल्या कपड्यांनी किनाऱ्याला लागलेला एकटा माणूस खिळा खिळा जोडून संसार कसा उभारतो, हे इतक्या खरेपणाने सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. आमच्या वर्गात ती सांगताना एकदा एका मुलीने विचारले, “गुरुजी, पण त्याचे घरचे नाव काय होते?” टीकाकारांच्या अनेक ग्रंथांपेक्षा हा प्रश्न थेट आहे. पुस्तक काढून घेतले तर तो प्रश्नही जाईल. मुलांना गोष्टही मिळावी आणि प्रश्नही मिळावा.

आणि हा प्रश्न केवळ सातासमुद्रापलीकडच्या बेटाला विचारायचा नाही. मुंबईच्या पांढरपेशा घरांतून कोकणातल्या कोणत्याही गड्याला, त्याचे नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणण्याची चाल पिढ्यान् पिढ्या होती. आज चहाच्या टपरीवरचा प्रत्येक पोरगा ‘छोटू’ आहे. रामा हे देवाचे नाव, छोटू हा लाडाचा शब्द. दोन्ही ऐकावयास गोडच, फ्रायडेही मुळात गोडच होता. या दिवाळीत दाराशी पोस्त मागायला कितीतरी ओळखीचे चेहरे येतील. त्यांच्या हातावर पैसे ठेवताना मुलांना पुढे करावे, आणि त्यांच्याकडूनच विचारवावे, “तुमचे नाव काय हो?” क्रूसोला पंचवीस वर्षांच्या एकांतानंतरही जे सुचले नाही, ते आपल्या घरातल्या पोरांना सुचले तर ही तीनशे वर्षांची जुनी गोष्ट आपण नीट वाचली असे म्हणता येईल.